उद्धरणाकडून ग्रंथाकडे : विंचूर परिसराशी निगडित तीन प्रसिद्ध वचनांच्या आधारे एक विचार

१. प्रास्ताविक

प्रसिद्ध वचनांवर प्रेम करणारा वाचक हा मराठी वाचनव्यवहारातील जुना आणि संख्येने मोठा घटक आहे. शाळेच्या व्हरांड्यातील फळ्यावर रोज नवा सुविचार लिहिणारा विद्यार्थी, आवडलेली वाक्ये वहीत उतरवून घेणारी गृहिणी, भाषणाच्या आरंभी एखादे वचन सांगितल्याखेरीज पुढे न जाणारा वक्ता आणि अलीकडे भ्रमणध्वनीवरून सकाळी सुवचने पाठवणारा गृहस्थ ही सर्व याच घटकाची रूपे होत. अशा वाचकांच्या परस्परव्यवहारात आणखी एक गोष्ट घडते. ते एकमेकांना केवळ वाक्ये देत नाहीत, तर त्या वाक्यांच्या निमित्ताने ग्रंथही सुचवतात. ‘हे वाक्य आवडले असेल तर ते पुस्तक वाचा’ ही शिफारस औपचारिक समीक्षेत नोंदली जात नाही. परंतु ग्रंथालयाच्या देवघेव खिडकीवर ती समीक्षेपेक्षा अधिक परिणामकारक ठरते, असा अनेक अध्यापकांचा अनुभव असेल.

या व्यवहाराकडे मराठीच्या अभ्यासकांनी बहुधा उपेक्षेने पाहिले आहे. सुविचारांची वही म्हणजे उथळ वाचनाचे लक्षण, असा आपला समज असतो. प्रस्तुत लेखात हा समज तपासून पाहावयाचा आहे. उद्धरण हे ग्रंथाचे प्रवेशद्वार केव्हा होते आणि ग्रंथाचा पर्याय केव्हा होते, हा या लेखापुढील मुख्य प्रश्न आहे.

विवेचनासाठी नाशिक जिल्ह्यातील निफाड तालुक्यातले विंचूर हे गाव केंद्रस्थानी घेतले आहे. आज हे गाव लासलगाव बाजार समितीच्या उपबाजार आवारामुळे, कांद्याच्या व्यापारामुळे आणि द्राक्षमद्य उद्यानामुळे ओळखले जाते. वाङ्मयेतिहासाच्या ग्रंथांत त्याचे नाव क्वचितच येते. तरीही मराठी माणसाच्या ओठांवर असलेल्या तीन प्रसिद्ध वचनांच्या वाटा या गावाच्या नावापाशी किंवा शिवेपाशी येतात. पहिले वचन पानिपतच्या पराभवाचे, दुसरे टिळकांच्या ‘केसरी’तील आणि तिसरे येवल्याच्या परिषदेतील आहे. या तिन्ही वचनांचे ग्रंथाशी असलेले नाते निरनिराळे आहे. म्हणूनच त्यांचा एकत्र विचार उपयुक्त ठरावा.

२. म्हण, सुभाषित आणि उद्धरण

प्रथम संज्ञांचा विचार करू. म्हण, सुभाषित आणि उद्धरण हे तीन शब्द व्यवहारात सैलपणे वापरले जातात. परंतु त्यांच्यातील भेद प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. म्हणीला कर्ता नसतो आणि तिला कर्त्याची गरजही नसते. ती समाजाच्या अनुभवातून घडते आणि समाजच तिचा मालक असतो. ‘महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोशा’त य. रा. दाते आणि चिं. ग. कर्वे यांनी ज्या सामग्रीचा संग्रह केला, ती प्रामुख्याने या स्वरूपाची आहे.

सुभाषिताला कर्ता असतो, पण तो बहुधा विसरलेला असतो. संस्कृत परंपरेत मुक्तक हा स्वयंपूर्ण रचनाप्रकार असल्याने त्याचे संदर्भावाचून अडत नाही. काशीनाथ पांडुरंग परब यांनी संकलित केलेले आणि निर्णयसागर छापखान्याने प्रसिद्ध केलेले ‘सुभाषितरत्नभांडागार’ विषयवार रचले आहे, ते यामुळेच. तेथे श्लोकाचा विषय मुख्य आहे, त्याचे मूळ स्थान गौण आहे.

उद्धरणाची गोष्ट वेगळी आहे. उद्धरण म्हणजे एखाद्या मोठ्या संहितेतून उचललेला अंश. तो मुळात स्वयंपूर्ण नव्हता. उचलण्याच्या क्रियेने त्याला स्वयंपूर्णतेचा आभास प्राप्त झाला. त्यामुळे उद्धरणाला पत्ता असणे आवश्यक असते. बोलणारा कोण, ऐकणारा कोण, प्रसंग कोणता आणि आधीचे व नंतरचे वाक्य कोणते, हा तो पत्ता. पत्ता गळाला की उद्धरणाचे सुभाषित होते आणि काही काळाने म्हण होते. या घसरणीत त्याचा प्रसार वाढतो; पण ग्रंथाकडे नेण्याची त्याची शक्ती त्याच प्रमाणात घटते.

मराठी संतकाव्याने या अडचणीवर एक उपाय फार पूर्वीच शोधला होता. अभंगाच्या शेवटी येणारी कवीची नाममुद्रा हा तो उपाय होय. मौखिक परंपरेत, जेथे पोथी हाताशी नसते, तेथे नाममुद्रा हीच संदर्भटीप असते. अर्थात मुद्रा उसनी घेऊन इतरांनीही रचना केल्या आणि त्यातून प्रक्षिप्तांचा प्रश्न निर्माण झाला. ज्ञानेश्वरीत शिरलेले अपपाठ पाहून एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, तिची शुद्ध प्रत सिद्ध केली. वचन लोकप्रिय होण्याबरोबरच ते बिघडते आणि लोकप्रियतेला दोष न देता मूळ पाठाकडे परतणे हाच त्यावरील इलाज आहे, ही जाणीव आपल्या परंपरेत चारशे वर्षांहून अधिक काळ आहे. सुविचारप्रेमी वाचकाशी आपण कसे वागावे, याचा आदर्श यातून मिळतो.

३. पहिले वचन : मोती, मोहरा आणि खुर्दा

विठ्ठल शिवदेव हे पेशवाईतील नामांकित सरदार. विंचूर हे त्यांच्या जहागिरीचे ठाणे आणि त्यावरूनच घराण्यास विंचूरकर हे नाव पडले. १४ जानेवारी १७६१ रोजी झालेल्या पानिपतच्या लढाईत ते आपल्या पथकासह होते आणि तेथून परत आलेल्या सरदारांत त्यांची गणना होते.

या लढाईचे वर्तमान उत्तरेकडे निघालेल्या नानासाहेब पेशव्यांना एका सांकेतिक पत्राने कळले, ही हकीकत सर्वश्रुत आहे. सराफी भाषेतील त्या पत्रात दोन मोती गळाल्याचे, काही मोहरा गमावल्याचे आणि रुपये-खुर्द्याची मोजदादच नसल्याचे कळवले होते. दोन मोती म्हणजे सदाशिवरावभाऊ आणि विश्वासराव, मोहरा म्हणजे सरदार आणि खुर्दा म्हणजे सामान्य शिपाई, असा त्याचा उलगडा केला जातो. मराठीत शोकाचे इतके संयत आणि इतके थरारक वचन क्वचितच आढळेल. वक्तृत्वस्पर्धांपासून अग्रलेखांपर्यंत ते सर्वत्र वापरले जाते.

येथे अभ्यासकाने पहिला प्रश्न पाठाचा विचारावयास हवा. मोहरांची संख्या कोठे सत्तावीस, तर कोठे दहावीस अशी येते. क्रियापदेही बदलतात. जेम्स ग्रँट डफच्या १८२६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इतिहासात हे वचन इंग्रजी वेषात आहे आणि तेथे संख्या सत्तावीस आहे. एकच मजकूर बखर, इंग्रजी इतिहास, त्याची भाषांतरे आणि पाठ्यपुस्तके यांतून फिरत राहिला, तर त्याचे शब्द स्थिर राहत नाहीत. म्हणून ‘पत्रातील मूळ शब्द’ म्हणून कोणतेही एक रूप छातीठोकपणे पुढे करणे धोक्याचे आहे.

दुसरा प्रश्न अर्थाचा आहे आणि तो अधिक गंभीर आहे. या रूपकात माणसांची प्रतवारी धातूंच्या मोलाने केलेली आहे. मोती दोन, म्हणून मोजले गेले. मोहरा मोजक्या, म्हणून त्यांचाही आकडा सांगितला गेला. खुर्द्याची मात्र गणना नाही. रूपकाच्या सौंदर्याने भारावलेला वाचक ही उतरंड लक्षात घेत नाही. विंचूरच्या दृष्टीने पाहिले तर ती तत्काळ जाणवते. विंचूरचे सरदार परत आले. ते हरवलेल्या मोहरांत नाहीत. परंतु त्यांच्या पथकात जे शिलेदार, बारगीर, प्यादे आणि बाजारबुणगे होते, त्यांतील जे परतले नाहीत, ते या वचनात कोठे आहेत? ते खुर्द्यात आहेत. ज्या वचनाने पानिपत अमर केले, त्याच वचनाने त्यांना अनाम ठेवले.

हा प्रश्न ज्याच्या मनात उभा राहिला, त्याला ग्रंथाची शिफारस करावी लागत नाही. तो स्वतःच ग्रंथ मागतो. अशा वाचकाला क्रमाने काय द्यावे? प्रथम का. ना. साने यांनी संपादिलेली ‘भाऊसाहेबांची बखर’ द्यावी. कारण पानिपतविषयीची अनेक लोकप्रिय वाक्ये आणि प्रसंग तिच्याशी निगडित आहेत. दत्ताजी शिंद्यांच्या तोंडचा, वाचलो तर पुन्हा लढू अशा आशयाचा, बुराडी घाटावरील उद्गारही बखर-परंपरेतूनच लोकमानसात रुजला. मराठी बखरीत हा उद्गार हिंदुस्थानी भाषेत येतो, ही बाब शैलीच्या अभ्यासकाने विशेष नोंदवावी. त्यानंतर वि. का. राजवाडे यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा १८९८ मधील पहिला खंड वाचावा. बखरीतील नाट्य आणि पत्रांतील व्यवहार यांतला फरक तेथे कळतो. मग त्र्यं. शं. शेजवलकरांचे ‘पानिपत : १७६१’ घ्यावे. इंग्रजीत १९४६ मध्ये आणि मराठीत १९६१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथात प्रत्यक्ष भूमीची पाहणी, कागदपत्रे आणि कारणमीमांसा यांचा मेळ आहे. अखेरीस विश्वास पाटील यांची १९८८ मधील ‘पानिपत’ ही कादंबरी वाचावी.

प्रत्यक्षात वाचक बहुधा याच्या उलट क्रमाने जातो. कादंबरीपासून आरंभ करतो आणि तेथेच थांबतो. त्यात कादंबरीचा दोष नाही. पुढची पायरी त्याला कोणी दाखवली नाही, एवढाच त्याचा अर्थ आहे.

४. दुसरे वचन : विंचूरकर वाड्यातील संपादक

विंचूरकर घराण्याचा पुण्यातील वाडा मराठी वृत्तपत्रसृष्टीच्या इतिहासात वेगळ्या कारणाने स्मरणीय आहे. १८९० च्या दशकात लोकमान्य टिळकांचे वास्तव्य या वाड्यात होते. १८९२ मध्ये स्वामी विवेकानंद त्यांच्याकडे उतरले ते येथेच आणि १८९४ मधील सार्वजनिक गणेशोत्सवाशीही या वाड्याचे नाव जोडलेले आहे. याच काळात, ६ जुलै १८९७ च्या ‘केसरी’त ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ या शीर्षकाचा अग्रलेख आला. हे केवळ एका लेखाचे शीर्षक. परंतु मराठीतील अत्यंत प्रसिद्ध उद्धरणांत त्याची गणना करावी लागेल. आजही कोणत्याही सरकारवर टीका करताना ते वापरले जाते.

या वचनाभोवती दोन समज रूढ आहेत. हा अग्रलेख प्लेगच्या काळातील घरतपासणीच्या जुलुमाविरुद्ध लिहिला गेला, हा पहिला समज. आणि याच लेखामुळे टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला, हा दुसरा. तारखा जुळवून पाहिल्या की दोन्ही समज सुधारून घ्यावे लागतात. प्लेग अधिकारी रँड याच्यावर २२ जून १८९७ च्या रात्री गोळी झाडण्यात आली आणि ३ जुलैला तो मरण पावला. त्यानंतर सरकारचा रोख पुण्याच्या एकूण समाजावर वळला. त्या दमनाच्या संदर्भात हा अग्रलेख वाचावयास हवा. टिळकांना २७ जुलै रोजी अटक झाली, हे खरे. परंतु खटल्यातील आरोप मुख्यतः १५ जूनच्या अंकातील मजकुरावर, म्हणजे शिवराज्याभिषेक उत्सवातील भाषणांचा वृत्तान्त आणि शिवाजी महाराजांच्या तोंडी घातलेली एक कविता यांवर, आधारलेले होते. १४ सप्टेंबर १८९७ रोजी त्यांना अठरा महिन्यांच्या सक्तमजुरीची शिक्षा झाली. जे वाक्य आपण त्या शिक्षेचे कारण समजतो, ते तिचे कारण नव्हते.

एवढी दुरुस्ती केल्याने काय साधते? शीर्षकाची धार त्यामुळे कमी होत नाही. परंतु एक मोठा प्रश्न पुढे येतो. वाक्य त्याच्या जागेवरून उचलून त्याचा अर्थ लावणे, ही क्रिया केवळ सुविचारप्रेमी करतात असे नाही. सरकारी वकीलही तेच करतो. १८९७ च्या आणि पुढे १९०८ च्या खटल्यातही मराठी मजकुराचे इंग्रजी भाषांतर आणि त्याचा संदर्भ यांवर पुष्कळ काही अवलंबून होते. १९०८ च्या खटल्यात तर भाषांतराच्या अचूकतेवर टिळकांनी स्वतःच प्रदीर्घ युक्तिवाद केला. उद्धरणाची शुद्धता हा पंडिती हट्ट नव्हे. एखाद्याच्या स्वातंत्र्याचा प्रश्न तीवर अवलंबून असू शकतो, हे या उदाहरणावरून विद्यार्थ्यांना सांगता येते.

या वचनाकडून ग्रंथाकडे जाण्याची वाट सरळ आहे. टिळकांचे ‘केसरी’तील लेख खंडरूपाने उपलब्ध आहेत. केवळ त्या एका दिवसाचा अग्रलेख न वाचता जून ते जुलै १८९७ मधील लेख सलग वाचावेत, अशी शिफारस आहे. एकाच लेखणीचा सूर आठवड्यागणिक कसा बदलतो, संयम आणि उपरोध यांचे प्रमाण कसे राखले जाते, हे तेव्हाच कळते. जोडीला न. चिं. केळकरांनी लिहिलेले टिळकचरित्र ठेवावे. ते समकालीनाने आणि सहकाऱ्याने लिहिलेले आहे, हे मात्र वाचताना विसरू नये.

५. तिसरे वचन : येवल्याची प्रतिज्ञा

नाशिकहून निघालेला रस्ता निफाड, विंचूर ओलांडून येवल्यास जातो. या रस्त्याच्या एका टोकाला काळाराम मंदिर आहे, जेथे २ मार्च १९३० रोजी मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. दुसरीकडे येवला आहे, जेथे १३ ऑक्टोबर १९३५ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली. हिंदू म्हणून जन्माला येणे आपल्या हाती नव्हते, पण हिंदू म्हणून मरणार नाही, हा त्या घोषणेचा आशय. एकाच रस्त्याने जोडलेल्या या दोन ठिकाणांत पाच-साडेपाच वर्षांचे अंतर आहे आणि त्या काळात मंदिराचे दार उघडले नाही, हा त्या वाक्याचा खरा पूर्वसंदर्भ आहे. नाशिकचा सत्याग्रह वगळून येवल्याचे वाक्य वाचणे म्हणजे उत्तर वाचून प्रश्न टाळणे होय.

या वचनाचे स्वरूप आधीच्या दोहोंपेक्षा मूलतः भिन्न आहे. पानिपतचे वचन घडून गेलेल्या गोष्टीची वार्ता देते. ‘केसरी’चे शीर्षक चालू क्षणाला प्रश्न विचारते. येवल्याचे वचन मात्र भविष्याला बांधून घेते. ती प्रतिज्ञा आहे. प्रतिज्ञेचा अर्थ ती उच्चारली त्या क्षणी पूर्ण होत नाही. ती पाळली जाते तेव्हा होतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे दीक्षाग्रहण झाले, तेव्हा येवल्याच्या घोषणेला एकवीस वर्षे आणि एक दिवस झाला होता. एका वाक्याचा अर्थ पूर्ण होण्यास लागलेला हा काळ आहे.

त्या काळात बाबासाहेबांनी काय लिहिले आणि काय सांगितले, ते वाचल्याखेरीज हे वाक्य वाचले असे म्हणता येणार नाही. १९३६ मध्ये लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी तयार केलेले आणि न झालेले भाषण ‘जातिनिर्मूलन’ या विषयावरील इंग्रजी पुस्तिकेच्या रूपाने प्रसिद्ध झाले. त्याच वर्षीच्या मे महिन्यात मुंबईच्या परिषदेत ‘मुक्ती कोन पथे?’ हे मराठी भाषण झाले. येवल्यात जो निर्णय एका वाक्यात आला, त्याची कारणमीमांसा या भाषणात आहे. नंतर १९५७ मध्ये, त्यांच्या निर्वाणोत्तर, ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ मूळ इंग्रजीत प्रकाशित झाला. सोडून काय दिले याचे उत्तर पहिल्या दोन संहितांत आणि स्वीकारले काय याचे उत्तर तिसऱ्या ग्रंथात मिळते. चां. भ. खैरमोडे यांचे बहुखंडी चरित्र आणि महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून प्रकाशित केलेली ग्रंथमाला ही यासाठीची आधारसाधने होत.

येवल्यात आज मुक्तिभूमीचे स्मारक आहे. विंचूरवरून जाणाऱ्या विद्यार्थ्याला ते सहज पाहता येते. परंतु वाक्य कोरलेले स्मारक पाहणे आणि त्या वाक्यामागील ग्रंथ वाचणे यांत जे अंतर आहे, ते भरून काढण्याचे काम अध्यापकाचे आहे.

६. वाक्य कोणाचे? : ललित कृतीतील वचने

वरील तिन्ही उदाहरणे इतिहासातील आहेत. ललित साहित्यातून उचललेल्या वचनांचा प्रश्न वेगळा आहे. वि. स. खांडेकर (१८९८–१९७६) आणि व. पु. काळे (१९३२–२००१) या दोन लेखकांच्या वाक्यांना वचनप्रेमी वाचकांच्या वह्यांत जेवढे स्थान लाभले, तेवढे फार थोड्या मराठी लेखकांना लाभले असेल. सुभाषितवजा वाक्यरचना हा खांडेकरांच्या शैलीचा विशेष. समीक्षकांनी त्याला अलंकारप्रियतेचा दोष म्हणून नोंदवले. वपुंच्या बाबतीत तर ‘वपुर्झा’ हे पुस्तकच सुट्या वेच्यांचे आहे. त्याचे नाव केशवसुतांच्या ‘झपूर्झा’ या कवितेची आठवण करून देते. या नावाची गंमत ज्याला समजून घ्यायची असेल, त्याला केशवसुतांपर्यंत जावेच लागते.

ललित कृतीतील वाक्य उद्धृत करताना होणारी मुख्य चूक म्हणजे पात्राचे वाक्य लेखकाच्या नावावर घालणे. ‘ययाति’ (१९५९) ही कादंबरी ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा यांच्या निवेदनांतून उलगडते. भोग, प्रेम, त्याग यांविषयीची तिच्यातील वाक्ये कोणा ना कोणा निवेदकाची किंवा पात्राची आहेत आणि ही पात्रे परस्परांशी सहमत नाहीत. ययातीने स्वतःच्या समर्थनार्थ मांडलेला विचार खांडेकरांचे जीवनविषयक मत म्हणून फळ्यावर लिहिला गेला, तर कादंबरीचा नैतिक व्यूहच उलटा होतो. कोणते वाक्य कोणाचे, हे तपासावयास लावणे ही या कादंबरीची उत्तम शिफारस ठरेल.

उलटपक्षी, एखादे वाक्य वाचकाला ग्रंथमालिकेकडे कसे नेऊ शकते, याचे उदाहरण वि. वा. शिरवाडकरांच्या ‘नटसम्राट’मध्ये आहे. शिरवाडकरांच्या घराण्याचे नाव ज्या गावाशी निगडित आहे, ते शिरवाडे वणी विंचूरप्रमाणेच निफाड तालुक्यातले. १९७० मध्ये रंगभूमीवर आलेल्या या नाटकातील गणपतराव बेलवलकरांचे जगण्या-मरण्याविषयीचे स्वगत असंख्य प्रेक्षकांना पाठ आहे. ते शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’मधील स्वगताशी नाते सांगते, तर कथानकाची घडण ‘किंग लिअर’ची आठवण करून देते. ‘हॅम्लेट’चे गोपाळ गणेश आगरकरांनी केलेले ‘विकारविलसित’ हे मराठी रूप १८८३ मध्ये प्रसिद्ध झाले होते. एकाच स्वगतापासून निघालेला वाचक आगरकरांचे गद्य, शेक्सपिअरची दोन नाटके आणि मराठी रंगभूमीचा सुमारे नव्वद वर्षांचा कालखंड यांपर्यंत पोहोचू शकतो.

७. अध्यापनातील उपयोजन

वरील विवेचनातून पदव्युत्तर वर्गासाठी एक साधी पद्धती सुचवता येते. विद्यार्थ्याने स्वतःला आवडणारे एक प्रसिद्ध वचन निवडावे आणि त्याला पाच प्रश्न विचारावेत. पहिला प्रश्न पाठाचा : या वचनाची किती रूपे आढळतात आणि सर्वांत जुने उपलब्ध रूप कोणते? दुसरा मुखाचा : बोलणारा लेखक आहे, निवेदक आहे, पात्र आहे की प्रत्यक्ष इतिहासातील व्यक्ती आहे? तिसरा प्रसंगाचा : ते कोणासमोर, कोठे आणि केव्हा उच्चारले किंवा लिहिले गेले? चौथा सान्निध्याचा : आधीचे आणि नंतरचे वाक्य वाचल्यावर अर्थ तोच राहतो काय? पाचवा प्रश्न शिफारशीचा : हे वचन नीट समजण्यासाठी कोणते तीन ग्रंथ, कोणत्या क्रमाने वाचावेत आणि का?

पाचव्या प्रश्नाचे उत्तर लिहिताना एक पथ्य पाळावे. सुचवलेल्या तीन ग्रंथांत एक आधारग्रंथ असावा, एक विवेचक ग्रंथ असावा आणि एक असा असावा की जो त्या वचनाशी असहमत आहे किंवा त्याला प्रश्न विचारतो. केवळ दुजोरा देणाऱ्या ग्रंथांची यादी ही शिफारस नसते. ती आरती असते.

या उपक्रमाला मोठ्या ग्रंथालयाची आवश्यकता असली तरी ती अडचण दुर्लंघ्य नाही. नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० पासूनचे आहे. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यानंतर तालुक्याच्या व मोठ्या गावांच्या ठिकाणीही अनुदानित वाचनालये उभी राहिली. ग्रंथ कपाटात असतात. ते का मागावेत याचे कारण वाचकापाशी नसते. आवडलेल्या वाक्याचा पत्ता शोधणे हे असे कारण होऊ शकते.

८. समारोप

प्रस्तुत लेखाचे निष्कर्ष थोडक्यात असे मांडता येतील. वचनप्रेम हे अवाचनाचे लक्षण नव्हे. ते वाचनाचा आरंभबिंदू आहे. वचनाला त्याचा पत्ता जोडलेला असेल तर ते ग्रंथाची शिफारस करते; पत्ता नसेल तर ते ग्रंथाची जागा घेते. हा पत्ता जोडण्याची जबाबदारी वचनप्रेमी वाचकाची एकट्याची नाही. ज्यांना संहिता, पाठभेद आणि संदर्भ यांचे प्रशिक्षण मिळाले आहे, त्या मराठीच्या अध्यापकांची ती अधिक आहे. सुविचाराच्या फळ्याकडे पाहून स्मित करून पुढे जाणे सोपे आहे. त्या फळ्याखाली ग्रंथाचे नाव, वर्ष आणि बोलणाऱ्याचे नाव अशी एक ओळ लिहावयास लावणे हे अधिक उपयोगाचे आहे.

पानिपतच्या पत्रातील खुर्द्याचा उल्लेख येथे पुन्हा आठवतो. पत्रलेखकाजवळ सामान्य माणसांची गणना करण्यास अवकाश नव्हता. वचन तेवढेच सांगून थांबते. राहिलेली गणना करण्याचा प्रयत्न ग्रंथ करतात. विंचूरच्या शाळेतील एखाद्या मुलीने ते वाक्य फळ्यावर लिहिताना ‘आपल्या गावची माणसे यांत कोठे?’ असा प्रश्न विचारला आणि तिच्या शिक्षकाने तिच्या हाती शेजवलकर ठेवले, तर उद्धरणाने आपले काम केले असे म्हणता येईल.